श्वासावर सुरुवात

त्या वाद्यवृंदाच्या संचालकांना वादक ‘म्हातारा’ म्हणत, तेही ते चाळिशीत असल्यापासून. त्यांना जाऊन किती वर्षं लोटली, पण त्यांची जुनी ध्वनिमुद्रणं अजून जगभर ऐकतात. माझी ताई त्यांच्याकडे चेलो वाजवायची. आमचे हे सहायक संचालक. म्हातारा आजारी पडला की तालीम यांच्या गळ्यात.

म्हाताऱ्याची जी सिम्फनी सर्वांत गाजली, तिच्या मुद्रणाच्या आठवड्यात तो तापानं झोपून होता. त्यामुळे ते मुद्रण मुळात यांचंच, अशी आमच्या घरात कुजबूज असायची. यांना विचारलं की हे हसायचे आणि विषय बदलायचे. त्या हसण्यावर माझ्या मुलानं वडिलांचं सगळं मोठेपण उभं केलं होतं.

आता रेकॉर्ड कंपनी ती सिम्फनी पुन्हा काढणार होती. तिथल्या कपाटात तिची दोन रिळं निघाली, डब्यांवरच्या चिठ्ठ्या गळून गेलेल्या. एक बाजारात आलं होतं ते, दुसरं कधीच न आलेलं. एक म्हाताऱ्याचं, एक यांचं, एवढंच नक्की. बाजारात आलेलं बाबांचं ठरलं, तर मुखपृष्ठावर बाबांचं नाव हवं, असं मुलानं कंपनीला ठणकावून सांगितलं. पण कुठलं कुणाचं, ते ओळखणार कोण? हेही आता राहिले नव्हते. त्या वादकांपैकी आता ताईच तेवढी उरली होती. म्हणून आम्ही तिघं स्टुडिओत गेलो. खोलीला खिडकी नव्हती आणि भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या.

तंत्रज्ञ बाईनं गाजलेलं मुद्रण लावलं. ताईनं लगेच हात वर केला.

“कुणी धुतलंय हे?”

“साफ केलंय, आजी. खरखर होती फार.”

“खडे निवडताना तांदूळच फेकलेस की गं! मूळ रीळ लाव.”

मग ताईनं सांगितलं. म्हाताऱ्याच्या हातातली छडी सतत थरथरायची. सुरुवात नेमकी कुठे, ते तिच्यावरून कुणालाच कळत नसे. नव्या वादकाची पहिल्या दिवशी हमखास फजिती व्हायची. जुने छडीकडे बघतच नसत. म्हातारा नाकानं जोरात श्वास घ्यायचा आणि तो संपला की सगळे सुरू. यांची तऱ्हा वेगळी. हे समोरच्या स्टँडवर छडीनं दोनदा टकटक करायचे.

मूळ रीळ लागलं. आधी खरखर, मग कुणाची तरी खुर्ची कुरकुरली. आणि मग श्वास. पोतं उचलण्याआधी हमाल घेतो तसा. पाठोपाठ चेलो आले, भांडं भरून पाणी काठावरून ओसंडावं तसे.

“म्हणजे...” मुलगा म्हणाला.

“म्हणजे म्हातारा.”

“मावशी, तुझे कान आता...”

“कान गेले असतील, बाळा. पण या श्वासावर मी आयुष्यभर पोट भरलंय.”

 मुलगा दाढी पिकलेला माणूस, पण लहानपणी आपटला की त्याचे ओठ जसे व्हायचे, तसे झाले. त्यानं खुर्चीवरचा कोट उचलला.

“चला. झालं काम.”

“दुसरं लाव,” मी बाईला म्हटलं.

टकटक. सगळे एकदम, बिनचूक सुरू झाले.

“पट्टीनं रेघ ओढावी तसं,” ताई म्हणाली. “तुझ्या नवऱ्याच्या हाताखाली कधी कुणी चुकलं नाही.” थोडं ऐकून पुढे म्हणाली, “आणि कधी कुणी रडलंही नाही.”

मला राग आला नाही. खरं होतं ते.

“तालमीचंच दिसतंय, बाजारात काढण्यासारखं नाही,” म्हणत बाईनं बटणाकडे हात नेला, तेवढ्यात वाजवणं थांबलं आणि यांचा आवाज आला. तरुण, जरा घोगरा.

“चेलो, घाई नको. साहेब उद्या येताहेत. आपण घर झाडून ठेवू, बसायला ते आहेतच.”

वादक हसले. कुणीतरी म्हणालं, “आणि झाडणाऱ्याला चहा?” हेही हसले. पुन्हा टकटक झाली.

मुलाचा एक हात कोटाच्या बाहीत होता, दुसरा बाहेर. तो तसाच खाली बसला. रीळ संपेपर्यंत कुणी उठलं नाही.

मुखपृष्ठावर म्हाताऱ्याचंच नाव आलं. यांच्या मुद्रणाची एक प्रत मुलानं कंपनीकडून मागून घेतली, आईला हवी म्हणून. ती त्याच्याच घरी असते.