कपाळावरचा पट्टा

तपासणीचा कागद शाळेतून आला तेव्हा आई त्याच शाळेच्या गणवेशाच्या बाह्या जोडत बसली होती. शाळेतली निम्मी पोरं तिच्या हातचे सदरे घालायची. शिपाई लिफाफा ठेवून गेला. तिने दाताने दोरा तोडला, लिफाफा फोडला, वाचला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

‘बालिका पूर्ण वेळ चित्राकडे एकटक पाहत राहिली. हाताने, आवाजाने वा अन्य मार्गाने एकाही प्रश्नाला प्रतिसाद नाही. आकलन दोन वर्षांच्या बालकाइतके. नियमित वर्गात ठेवणे निरुपयोगी. पुढील सत्रापासून सांभाळ केंद्रात पाठवावे.’

“निरुपयोगी!” ती एवढ्या जोरात ओरडली की फळीच्या भिंतीपलीकडचा रंधा थांबला. पलीकडे तिच्या धाकट्या भावाचं सुतारकामाचं दुकान होतं. त्याला सगळे मामा म्हणायचे, गिऱ्हाइकंसुद्धा.

“काय झालं, ताई?”

“काय व्हायचंय! आपल्या पोरीला त्या तपासनीसबाईंनी दोन वर्षांची ठरवली. दहा वर्षांच्या घोडीला! शाळेतून काढा म्हणे आणि सांभाळ केंद्रात टाका. मी बघून आलेय ते केंद्र. दिवसभर भिंतीशी ओळीने बसवतात आणि चार वाजता परत देतात, छत्री ठेवायला दिल्यासारखी.”

मामाने अंगावरचा भुसा झटकला आणि कागद हातात घेतला. तो सावकाश वाचणारा माणूस.

“एकटक पाहत राहिली असं लिहिलंय. आपली मुकादम? एकटक?”

“बघितलं तरी दोष, नाही बघितलं तरी दोष! तू वाचत बसू नकोस. खुर्ची बाहेर काढ. आत्ताच्या आत्ता शाळेत जायचं.”

पोर, म्हणजे घरातली मुकादम, खिडकीजवळ तिच्या चाकाच्या खुर्चीत बसली होती. सगळं ऐकत होती. गेले आठ दिवस, तपासणी झाल्यापासून, ठोक्यांनी बोलणाऱ्या त्या पोरीने चकार ठोका दिला नव्हता. नापास झाल्याचं मनाला लागलं असणार, असं आईने ठरवून टाकलं होतं.

जन्माच्या वेळी काही मिनिटं तिला श्वास मिळाला नव्हता. तेवढ्यात मेंदूचा जो भाग अंगाला हुकूम सोडतो, त्याला इजा झाली. सेरेब्रल पाल्सी. आईने हे दोन शब्द दहा वर्षांत इतक्या लोकांना समजावले होते की तिला आता समजावायचाच राग यायचा. हो, आजार नाही, लागत नाही. नाही, कुणाची नजर नाही, माझं पाप नाही, माझ्या नवऱ्याचंही नाही. हुकूम सुटतो बरोबर, पोचतो भलतीकडे. हात उचलायला गेली की पाय ताठ होतात, हसायला गेली की जबडा वाकडा होतो, शब्द घशातच अडकतो. काही मुलांची समजही दुखावते, काहींची अजिबात नाही, प्रत्येक मूल वेगळं. आणि एवढं सगळं ऐकून घेऊन माणसं पोरीसमोरच विचारायची, “हिला कळतं का हो काही?” अरे, तुला कळतं का काही?

मुकादमला कळायचं. खुर्चीला मामाने लाकडी फळी जोडली होती, पुढ्यात टेबलासारखी. त्यावर मुकादम उजव्या मुठीने ठोकायची. एक ठोका हो, दोन ठोके नाही. लांबचं बोलायचं असेल तर आई वर्णमालेच्या ओळी म्हणायची, “क? च? ट?” ठोका पडला की त्या ओळीतलं एकेक अक्षर. अशा ठोक्यांवर पोरीने चौथीपर्यंतची गणितं केली होती आणि मामाला एका कपाटाचं माप चुकलंय हेही सांगितलं होतं. ठोकताना मात्र समोरच्याकडे कधी बघायची नाही. तोंड उजवीकडे फिरवायचं, खिडकीत बघायचं आणि मग ठोका. कामावरच्या मुकादमासारखा, मान फिरवून हुकूम! म्हणून तर नाव पडलं होतं. घरात त्यावर सगळे हसायचे.

शाळेतल्या बाया हसायच्या नाहीत. “हिचं लक्षच नसतं,” म्हणायच्या. म्हणून तपासणीआधी आईने जिवाचं रान केलं होतं. गणवेश नवा, लाळेचा रुमाल नवा, आणि दोन दिवस खपून एक पट्टा शिवला होता. आत मऊ अस्तर, बाहेर गणवेशाचंच निळं कापड, मागे खुर्चीला बांधायला बंद. कपाळावर बसवला की मान समोरच राहायची. पट्टा बांधून तिने विचारलं होतं, “छान वाटतोय ना?” मुकादमने दोन ठोके दिले नव्हते. म्हणजे वाटतच असणार.

आजही तिने तोच पट्टा बांधला. बघू दे त्यांना, पोर कशी ताठ बसते ती.

मुख्याध्यापकांच्या खोलीत पंखा होता, तीन खुर्च्या होत्या आणि नशिबाने तपासनीसबाईही होत्या. महिन्यातून दोन दिवस त्या याच खोलीत मुलं तपासायच्या. आईने नमस्कारबिमस्कार काही केला नाही. कागद टेबलावर आपटला.

“हे कुणी लिहिलं?”

“मी,” तपासनीसबाई म्हणाल्या.

“डोळे उघडे ठेवून लिहिलं की मिटून?”

“बाई, शांत व्हा,” मुख्याध्यापक म्हणाले.

“शांतच आहे मी, सर. मी चिडले की कशी असते ते तुम्ही अजून बघितलं नाही. चार वर्षं ही तुमच्या वर्गात बसली. तुमच्या शाळेची अडीचशे पोरं माझ्या हातचे कपडे घालतात, आणि माझी एक पोर तुम्हाला जड झाली?”

मुख्याध्यापक टेबलावरचे कागद नीट करत बसले. कागद नीटच होते. तपासनीसबाई दमलेल्या दिसत होत्या. पण त्यांनी आवाज चढवला नाही.

“मी तिला चाळीस मिनिटं दिली. इतरांना वीस देते. खोलीत फक्त आम्ही दोघी होतो, नियमच आहे तसा. एक ठोका, दोन ठोके, तुम्ही सांगितलं होतंत, मी तसंच विचारलं. सफरचंद दाखवलं, हे सफरचंद आहे का विचारलं. ती नुसती बघत राहिली. हात छातीवरून हललाच नाही. मी काय लिहायचं होतं, सांगा.”

“हललाच नाही? अहो, ती फळी फोडते! शेजारी तक्रारी करतात!” आई पोरीकडे वळली. “मुकादम, दाखव यांना. सात आठ छप्पन्न, हो की नाही?”

मुकादमने आईकडे पाहिलं, एकटक. उजवी मूठ छातीशी आवळलेली होती. ती थरथरली, आणखी आवळली गेली. फळीवर काही पडलं नाही.

“अगं, छप्पन्न! तुला झोपेत येतं! मुकादम!”

काही नाही. मुख्याध्यापक खाकरले. तपासनीसबाईंनी नजर खाली वळवली, आणि त्या दयेने आईचं डोकं आणखी भडकलं. एरवी घरी एवढी पटापट बोलणारी पोर इथेच का दगड होते? तिला क्षणभर मुकादमचाही राग आला. खोटं का बोला, चांगलाच आला. एवढी भांडतेय मी तुझ्यासाठी आणि तू गप्प!

पोरीच्या ओठाच्या कडेने लाळ ओघळली. आईने रागारागात पट्ट्याचा बंद सोडला आणि रुमाल काढायला पिशवीत हात घातला.

मुकादमचं तोंड उजवीकडे फिरलं. हात छातीवरून सुटला, सरळ झाला आणि फळीवर असा ठोका बसला की टेबलावरचा पाण्याचा पेला हलला.

“हे बघा!” आई ओरडली. “हे बघा, हो म्हणाली! आता समोर बघून नीट सांग, बाळा.” आणि सवयीने तिने पट्टा परत कपाळावर आणला.

मान समोर आली. हात आपोआप दुमडला आणि छातीला जाऊन चिकटला.

“ताई,” खुर्ची ढकलत आणून दारातच थांबलेला मामा म्हणाला. “ताई, थांब. पुन्हा काढ तो.”

आईने काढला. मान उजवीकडे, हात सरळ, ठोका. बांधला. मान समोर, हात दुमडलेला, काही नाही. काढला. ठोका. मशीनचा दोरा कुठे अडकतोय ते पाहण्यासाठी ती चाक पुढेमागे करून बघायची, तसं तिने तीन वेळा केलं.

“मान फिरली तरच हात सुटतो,” मामा हळू म्हणाला. “ती मिजास नव्हती गं. ती कडी होती तिची.”

तपासनीसबाई खुर्चीतून उठल्या होत्या.

आता आईला गप्प बसता आलं असतं. तपासनीसबाईंना ओळखता आलं नाही, एवढं म्हणून सगळं त्यांच्या माथी मारता आलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण तिचा राग आता तिच्याच नरडीला धरून बसला होता.

“हा मी शिवला,” ती म्हणाली. “दोन दिवस. अस्तर लावून. पोरीच्या तोंडात बोळा कोंबला मी आणि वर विचारलं, छान वाटतो ना. उत्तर आलं नाही तर म्हटलं, आवडला!” तिने पिशवीतली कात्री काढली आणि पट्टा मधोमध कापला. जाड होता, तीनदा कात्री चालवावी लागली. “दहा वर्षं लोकांच्या अकलेच्या नावाने बोटं मोडतेय. माझी कुठे गेली होती चरायला?”

“मलाही दिसायला हवं होतं,” तपासनीसबाई म्हणाल्या. “चाळीस मिनिटं ती मुठीत जोर लावत होती, ते मी पाहिलं होतं. मी त्याला अस्वस्थता म्हटलं.” त्यांनी चित्रांची पेटी पुढे ओढली. “आत्ता परत घेते. सगळी, पहिल्यापासून.”

“चला,” आई खुर्ची सरकवून शेजारी बसली. “मी अक्षरं सांगते, मला तिचं लगेच—”

फळीवर दोन ठोके पडले.

“काय नाही? अगं, मी तुला मदत—”

दोन ठोके. मग पुन्हा दोन. मुकादमचं तोंड खिडकीकडे होतं, मान लाल झाली होती, आणि ती ज्या जोराने ठोकत होती त्यात मिजास नव्हती, राग होता. हे आईला पहिल्यांदाच नीट दिसलं.

“नियम आहे तसा,” तपासनीसबाई हळूच म्हणाल्या.

आई बाहेर गेली.

वऱ्हांड्यातल्या बाकावर ती आणि मामा तासभर बसले. दार बंद होतं, पण ठोके ऐकू येत होते. एक. एक. दोन. एक. आधी लांब लांब, मग भराभर. मधे एकदा बराच वेळ काहीच नाही, तेव्हा आई उठून दारापर्यंत गेली. मामाने तिचा पदर धरून तिला परत बसवलं. तपासनीसबाईंचा आवाज येत होता, “ट? त? प?” चुकत होत्या, परत सुरुवात करत होत्या. मुकादम त्यांना सांभाळून घेत होती.

दार उघडलं तेव्हा तपासनीसबाईंचे केस विस्कटले होते. त्यांनी जुना कागद दाखवला. त्यावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली होती.

“रद्द. नवा मी आजच लिहिते. समज वयाप्रमाणे, गणितात वयाच्या पुढे. वर्ग बदलायचं कारण नाही, लिहून देणारा सोबती आणि दुप्पट वेळ मिळायला हवा. सर, हे तुम्हाला करावंच लागेल.”

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायच्या आत तिचं तोंड सुरू झालं. “मला माहीत होतं! मी म्हणतच होते! आता त्या वर्गातल्या बायांना मी अशी—”

“एक राहिलं,” तपासनीसबाई म्हणाल्या. “मी तिला विचारलं, आठ दिवस घरी पट्टा नव्हता, हात मोकळा होता. मग तेव्हा आईला का नाही सांगितलंस? तिने उत्तर दिलंय. तुम्हाला दाखवायला सांगितलंय.”

त्यांनी पुढे केलेल्या चिठ्ठीवर एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलेलं होतं.

‘मला कुणी विचारलं?’

आईने चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. आठ दिवस ती बोलत होती. भावाशी, शेजाऱ्यांशी, गिऱ्हाइकांशी, मशीनशीसुद्धा, आणि सगळं पोरीबद्दलच. त्यात पोरीला एक प्रश्न नव्हता. एकही नाही. चिठ्ठीतला राग तिने ओळखला, तिच्या स्वतःच्याच घरचा होता तो.

ती आत गेली. सोबत तिने कुणाला घेतलं नाही. खुर्चीसमोर जमिनीवर बसली, तपासनीसबाईंचा कागद पुढे ओढला आणि म्हणाली, “चुकलं माझं. बोल. तुला काय म्हणायचंय?”

मुकादमने खिडकीकडे तोंड फिरवलं. आईने पेन उचललं आणि पहिली ओळ म्हटली.