पाण्यात टाकलेली काडी

साहेब, तुम्ही अर्धंच बोललात, आणि अर्धं बोलून गप्प बसणं हे खोटं बोलण्याहून वाईट. 'बाईने निष्काळजीपणे जळती काडी टाकली म्हणून आग भडकली,' असं तुम्ही मोबाईल धरून उभ्या राहिलेल्या बातमीदाराला सांगितलंत. कुठे टाकली, ते सांगितलं नाहीत. पाण्यात टाकली, साहेब. जळती काडी माणसाने आणखी कुठे टाकायची?

ठमाबाईने ती बातमी पडवीत बसून सुनेच्या मोबाईलवर ऐकली. आत खाटेवर नवरा पडला होता, हरिचंद्र, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. त्यानेही ऐकली आणि भिंतीकडे तोंड केलं.

शिरगावच्या टोकाला, नव्या टॉवरांच्या मागे, कारखान्यांकडून वाहत येणाऱ्या नाल्याकाठी त्यांचा शेताचा एवढासा तुकडा उरला होता. भाताची रोपं टाकायच्या जागी शेण, पाला, गवत पसरायचं, वर मातीचा हात फिरवायचा आणि ते सगळं भाजून काढायचं. हा राब. पेटवायचं काम ठमाबाईचं, सासूने शिकवलेलं. दुकानात ती काडीपेटी कानाशी हलवून घेई. काड्या खुळखुळल्या तर कोरड्या, गप्प राहिल्या तर दमट. मेणाची काडी नको, ती उन्हात मान टाकते. पहिली काडी आगीसाठी नसतेच, वारा बघण्यासाठी असते. ज्योत जिकडे झुकेल त्या टोकाला दुसरी लावायची, म्हणजे आग वाऱ्याला तोंड देत सावकाश सरकते आणि माती मुरून भाजते. आणि पहिली काडी टाकायची पाण्यात. गवतात चुकूनही नाही.

त्या दिवशी तिने सगळं तसंच केलं. आग पसरली तर मारायला हवं म्हणून हरिचंद्र नाल्यात गोणपाट भिजवत होता. तिने काडी पाण्यात टाकली. चर्र आवाज आलाच नाही. पाण्यावरून निळी आग सापासारखी सळसळत गेली. गोणपाट भिजलेलं होतं, आणि भिजलेलं होतं म्हणूनच पेटलं.

"कारी तू टाकलीस," दवाखान्यातून आल्यावर हरिचंद्र एवढंच म्हणाला. "माजं हात तू जाललंस." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. घास भरवायलासुद्धा त्याला सून लागे.

दुसरी एखादी रडत बसली असती. ठमाबाईही रडली, पण रडता रडता तिच्या डोक्यात एक किडा शिरला. पाणी पेटतं कसं? जन्मभर ज्याने आग विझवली ते पेटेल कसं? आणि ते पेटत असेल, तर नवऱ्याचे हात नक्की कुणी जाळले?

सकाळी तिने पत्र्याचं झाकण घेतलं, नाल्याचं पाणी त्यात घेऊन दूर दगडावर ठेवलं आणि लांब काठीला काडी बांधून पेटवली. सून रिद्धी धावत आली.

"आई, पागल झाल्यात काय? टॉवरवाले व्हिडिओ काढतील!"

"काढूं दे. मना बघाचंय."

"अहो, पण क्या बघायचंय?"

"हिरीचं पानी कारी गिलतं. ह्यो नाला कवा गिलतो, कवा नाय. कवा गिलत नाय, त्ये बघाचंय."

त्या दिवशी नाल्याने काडी गिळली. दुसऱ्या दिवशीही. मग एका सकाळी नाल्यावर गोडसर, नाकाला झोंबणारा वास होता.

"हा तर नेलपेंटचा वास," रिद्धी म्हणाली.

ठमाबाईने काठी पुढे केली. भप्प! झाकणभर निळी ज्योत. सासूसुना दोघी एकदम मागे सरकल्या.

"आई," रिद्धी दबक्या आवाजात म्हणाली, "एक और बघू?"

रिद्धीनेच मग बातमीत बोललेल्या त्या प्रदूषण खात्याच्या साहेबाला फोन करून करून बोलावलं. साहेब आले ते त्यांच्या सोयीने, वास नसलेल्या दिवशी. बरोबर दोन माणसं, रस्त्यावर जीप. बोलाचाली ऐकून हरिचंद्रही बांधावर येऊन उभा राहिला.

ठमाबाईने काडी ओढून झाकणातल्या पाण्यात टाकली. चर्र. दुसरी ओढली. चर्र.

"मावशी, पाणी कधी पेटतं का?"

"आज नाय पेटत, सायेब. आज वास नाय."

"मग वासाला साक्षीला बोलवू काय?"

माणसं हसली. ठमाबाई हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. ती बांधाकडे बघत होती. हरिचंद्रच्या तोंडावर काहीच नव्हतं. तिने आणखी एक काडी ओढली, तीही विझली, आणि तिचे हात खाली आले.

"द्या ती पेटी," म्हणत साहेबांनी काडीपेटी घेतली, सिगारेट ओठात धरली, काडी काढली. आणि थांबले. एकदा नाल्याकडे पाहिलं. मग ढेकळं तुडवत बांध ओलांडला, बाभळीच्या काट्यांचं कुंपण ओलांडलं, थेट रस्त्यावर जीपपाशी गेले आणि तिथे काडी ओढली.

"सायेब!"

हाक हरिचंद्रने मारली होती. इतक्या दिवसांत घरात त्याचा आवाज असा चढला नव्हता.

"पानी पेटत नाय ना? मंग कारी ओढाला जीपपत्तुर का गेलात?"

साहेबांनी धूर सोडला. ठमाबाईची काडीपेटी स्वतःच्या खिशात घातली. ड्रायव्हरला खूण केली.

हरिचंद्र बांध उतरून बायकोच्या शेजारी येऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. पट्ट्या बांधलेले दोन्ही हात त्याने रस्त्याच्या दिशेने पुढे केले.

"का गेलात? बोला ना सायेब, का गेलात?"