तीन महिन्याची

"अवं, चरून आलेली म्हैससुद्धा एका जागी बसून रवंथ करते! तू जेवली का धुऱ्यावर फिरत सुटते. लोकं काय म्हनतीन?"

माणिकबाई वावराच्या या टोकावरून ओरडली अन् तिची सून गीतांजली त्या टोकावरून हसली. हसली, पण थांबली नाही. भाकर खाल्ली की धुऱ्याने, म्हणजे वावराच्या बांधाने, चकरा मारायच्या, हा तिचा नेम. दसरा तोंडावर आला होता, झेंडू गच्च फुलला होता आणि तोडायला मजूर मिळत नव्हते, म्हणून शेजारधर्माने मीही टोपली घेऊन त्यांच्या वावरात गेले होते. ऊन असं की काळ्या मातीतून वाफ निघावी.

"फिरू दे ना तिले," मी म्हटलं. "शुगर हाय पोरीले. डाक्टरनं सांगतलं असन."

"तू नको शिकवू, पार्बता. काल बसस्टँडवर मले इचारते, तुमची सून धुरा मोजून राह्यली काय म्हने. वाटण्या होऊन राह्यल्या असं वाटते लोकायले!"

गीतांजलीची शुगर ही काही लपवलेली गोष्ट नव्हती. पोरगी धामणगाव रेल्वेची. कॉलेजात असतानाच तिला ती लागली आणि इन्शुलिनची सुई रोजची झाली. सोयरिकीची बैठक बसली तेव्हा तिच्या बापाने चारचौघांत उभं राहून सांगितलं, "पोरीले शुगर हाय. पटत असन तर पुढचं बोला." सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहायला लागले. तेवढ्यात माणिकबाईच्या चंदनने चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मले गोडच बायको पाह्यजे होती." पोरगं हातचं गेलं, हे माणिकबाईला त्याच दिवशी कळलं.

लग्न होऊन वर्षं लोटली, पण पाळणा हलेना. मग माणिकबाईने दोन्ही आघाड्यांवर कंबर कसली. शुगरसाठी सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेली मेथी, वरून जांभळाच्या बियांची भुकटी. आणि लेकरासाठी गावोगावच्या देवांना नवस. नवस म्हटला की शिरा आला. "देवाचं हाय, खाय. देवाच्या गोडानं शुगर वाढत नसते!" म्हणजे सकाळी कारलं पाजून उतरवलेलं दुपारी शिरा चारून चढवायचं. पोरगी बिचारी दोन्ही गिळायची.

खरी भानगड वेगळीच होती. मला ती मागाहून कळली, पण तुम्हाला आधीच सांगते, नाहीतर तुम्हीही माणिकबाईसारखे घोटाळ्यात पडाल. अमरावतीला राजापेठेत गीतांजलीची डॉक्टरीणबाई आहे. तिने नवराबायकोला समोर बसवून सांगितलं होतं, की साखर आटोक्यात येईपर्यंत लेकराचा विचार करू नका. बाळ पोटात घडायला लागतं तेव्हाच आईची साखर चढलेली असली, तर बाळाच्या काळजाला आणि मणक्याला धोका असतो. बोटाला सुई टोचून पाहतात ती साखर त्या घडीची. पण रक्ताची आणखी एक तपासणी असते, ती मागच्या तीन महिन्यांची सगळी खबर एकदम देते. लोक तिला सरळ 'तीन महिन्याची' म्हणतात. ती साडेसहाच्या खाली आली की मग पुढचं बोलू, असं बाईने बजावलं. एकदा केली, वर आली. पुन्हा केली, तरी वरच. म्हणून दोघं थांबलेले होते.

आता, थांबले म्हणजे काय थांबले, हे कोणती सून सासूला सांगेल? अन् कोणता पोरगा आईला? माणिकबाई देवाला दोष देत बसली आणि देव बिचारा बोलू शकत नाही.

तर त्या दिवशी चंदन फुलं घेऊन अमरावतीला गेला होता. गीतांजलीचा मोबाइल धुऱ्यावर जेवणाच्या डब्यापाशी पडला होता. तो वाजला. गीतांजली दूर होती, माणिकबाईने उचलला. बाजूला फवारणीचा पंप घरघरत होता, त्यात तिचं "हं" कोणाचं ते काय कळणार?

"गीता, आली वं!" चंदन तिकडून इतका ओरडला की मलाही ऐकू आलं. "तीन महिन्याची आली! डाक्टरीनबाई म्हने आता भेव नाही. पेढे घेऊन येतो. मी येतवर आईले काई सांगू नको!"

फोन बंद झाला. माणिकबाईने एका हाताने माझा दंड धरला.

"पार्बता, तीन महिने झाले."

"कायले?"

"गीतांजलीले! तीन महिन्याची हाय ते! अन् मले सांगू नको म्हने! जलम देल्ला म्या त्याले, अन् मलेच सांगू नको!"

रागवावं की नाचावं, तिला कळेना. डोळ्याला पदर लावत ती हसत होती. मीही हसले. मला तरी काय ठाऊक होतं!

"इचार ना मंग पोरीले," मी म्हटलं.

"मी काहून इचारू? पाहतो ना किती दिवस लपवते तं." असं म्हणून ती तरातरा गेली आणि सुनेच्या हातातली टोपली हिसकावून घेतली. "तू वाकू नको. सावलीत बस. आजपासून झेंडू तोडाचा नाही."

गीतांजली पाहातच राहिली. सासूला ऊन लागलं असावं, असं तिला वाटलं. तिने सासूला पाणी आणून दिलं. "अन् मलेच पानी पाजून राह्यली, गुनाची पोर!" म्हणून माणिकबाईला पुन्हा भरून आलं.

आमच्याकडे तिसरा महिना लागला की चोरचोळी करतात. घरच्या दोनचार बायका बोलवायच्या, बोभाटा करायचा नाही, पोरीला हिरवी चोळी अन् हिरव्या बांगड्या घालायच्या, ओटी भरायची. चोरून करायची म्हणून चोरचोळी. पण माणिकबाईच्या तोंडात तीळ भिजत नाही. तिने मला सांगितलं, "कोनाले सांगू नको," आणि स्वतः घरी जाता जाता पीठगिरणीवर, दुकानात अन् नळावर, सगळीकडे हेच सांगत गेली. संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.

गीतांजलीला वाटलं, नवरात्र आहे, सवाष्णीची ओटी भरत असतील. बिचारी मुकाट्याने पाटावर बसली. मी तिच्या हातात हिरव्या बांगड्या भरल्या. माणिकबाईने ओटीत नारळ घातला. तेवढ्यात आमच्यातली इंदूबाई तिच्याकडे निरखून पाहत म्हणाली, "तिसरा लागला तरी पोट दिसत नाही वं माय."

"कोनाचं पोट?" गीतांजलीने विचारलं.

"आता पुरे झालं लपवनं," माणिकबाई लाडात म्हणाली. "फोन म्या उचलला होता. तीन महिन्याची आली, म्हने चंदन."

गीतांजली ताडकन उठली. ओटीतला नारळ गडगडत अंगणात गेला.

"आली? आत्याबाई, किती आली? आकडा सांगतला काय?"

"आकडा?" माणिकबाई आमच्याकडे पाहू लागली. "अवं, दिवस गेल्याचा कायचा आकडा?"

त्याच वेळी दारात मोटरसायकल थांबली. चंदन पेढ्यांचा डबा उंच धरून ओरडतच आत आला, "सहा पॉइंट दोन!" आणि अंगणभर बायका पाहून जागच्या जागी थिजला.

गीतांजली मात्र हिरव्या बांगड्यांच्या हातांनी तोंड झाकून रडायला लागली. आनंदाने, हे तिला अन् चंदनला ठाऊक. आम्ही सगळ्या बावळटासारख्या उभ्या. मग चंदनने खाली मान घालून 'तीन महिन्याची' म्हणजे काय ते सांगितलं. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, तशी गत झाली. कोणीतरी फिस्सकन हसलं.

माणिकबाई मटकन ओट्यावर बसली. "म्हनजे काईच नाही? अन् म्या हिरवा चुडा भरला पोरीले? गाव गोळा केलं? अपशकून केला वं माय म्या."

गीतांजली तिच्यापाशी जाऊन खाली बसली. आमची पर्वा न करता म्हणाली, "आत्याबाई, मांगच्या साली एक डाव राह्यलं होतं. मी माहेरी गेली होती तवा. दीड महिन्यात गेलं. साखर लय होती माही. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली. पुन्हा तसं होऊ नोय म्हनून आमी थांबलो. म्हनून फिरतो मी धुऱ्यावर."

माणिकबाई सुनेच्या तोंडाकडे पाहात राहिली. मग तिने तिचं डोकं छातीशी ओढून घेतलं.

"एकटीनं सोसलं? अन् मी तुले शिरा चारत गेली, चकरायवरून बोलत गेली. मायबाई, मले सांगाचं ना वं."

थोडा वेळ दोघी रडल्या. मलाही रडू आलं, खोटं कशाला सांगू. पण मग मला राहवेना. मी चंदनला विचारलं, "मंग आता काय म्हनते डाक्टरीनबाई?"

"गोळ्या देल्ल्या. रोज साखर पाहा म्हने. बाकी... आता हरकत नाही म्हने."

"कायची हरकत नाही?"

चंदनचे कान लाल झाले. बायका पदरात तोंड खुपसून हसायला लागल्या. माणिकबाईने डोळे पुसले, एकदा पोराकडे पाहिलं, एकदा सुनेकडे, आणि एकदा घराकडे. घर दोन खोल्यांचं. मधली भिंत वर टिनापर्यंत पोचत नाही. इकडे कोणी कूस बदलली तर तिकडे कळते. ती उठली.

"बाया हो, एकेक पेढा घ्या अन् निघा. चुडा राहू दे तिच्या हातात. भरलेला चुडा काढत नसतात." मग तिने ओट्यावर तंबाखू मळत बसलेल्या नवऱ्याकडे मोर्चा वळवला. "अवो, घोंगडी घ्या, बॅटरी घ्या. आजपासून आपन दोघं रातभर वावर राखाले, जागलीले."

केशवराव दचकले. "जागल? वावरात झेंडू हाय. झेंडूले डुक्कर तोंड लावते काय?"

"लावते! या साली लावते! उठा तुमी!"

केशवरावांनी सुनेच्या हातातल्या बांगड्या पाहिल्या, पोराचे लाल कान पाहिले, आणि एकदाची त्यांची ट्यूब पेटली. त्यांनी घोंगडी खांद्यावर टाकली.

दसरा झाला. झेंडू तोडून संपला, वावर उघडं पडलं. तरी दोघं रोज दिवस मावळला की जागलीला निघायचे. शेजारच्या वावरातल्या सहदेवला शेवटी राहवलं नाही. "केशवराव, रिकाम्या वावरात काय राखून राह्यले बाप्पा?"

"नातू," केशवराव म्हणाले. "नाहीतर नात. जे येईन ते."