समोरचा उजेड

मंजुषाच्या दुकानापुढं टेम्पोतून काळा फ्रीज उतरत होता आणि रस्त्याच्या अलीकडं सगुणाबाई पुसलेलीच बाटली पुन्हा पुसत होती.

फ्रीज माणसाहून उंच, दारावर सोनेरी नक्षी, आत निळा दिवा. समोरासमोर दोन बिअर शॉप्या. सगुणाबाईची जुनी, धाकट्या जावेची काल-परवाची. तरी मान गेला धाकटीला.

"जाऊबाई, बघायला या की!" मंजुषानं हाक मारली.

"इथूनच दिसतोय. अजून डोळे शाबूत हायेत माझे."

बिअर कंपनीचा माणूस ललित घाम पुसत अलीकडं आला. समोरच्या नव्या पाटीकडं बोट करून सगुणाबाईनं विचारलं,

"त्यावर सोडा लिवलंय. सोडा कोण पितंय?"

"बिअरची जाहिरात करायला बंदी आहे, आजी. म्हणून सोड्याच्या नावानं करतात."

"म्हंजी डोक्यावर पदर घ्यायचा अन् डोळा मारायचा. मग माझ्या दारात का नाय मारला?"

ललित हसला. "तिकडं गाडीवाली पोरं येतात. माइल्ड, महागडी लागते त्यांना. तुमचं गिऱ्हाईक स्वस्तातल्या, कडक स्ट्राँगचं. पण शनिवारी मुंबईहून मॅडम येतायत. अजून एक फ्रीज द्यायचाय."

एवढं बोलतो तोच त्याचा फोन वाजला आणि तो गेला.

गिऱ्हाईक स्ट्राँगचं! जणू सुनेत खोट काढावी तसं बोलला मेला.

शनिवारी सगुणाबाईनं पहिलं काम काय केलं, तर गिऱ्हाइकांचं दारातलं बाकडं आत ओढलं. स्ट्राँगचे क्रेट गोणपाटाखाली ढकलले, महागड्या बाटल्या पुढं मांडल्या, इरकल नेसली. दिवेलागणीला साइटवरून सुटलेली मंडळी आली. पुढं बारकू, सुरगाण्याकडचा, पायाला सिमेंट.

"आज समोर जा," ती म्हणाली.

"काहून, मावशी?"

"मोठी माणसं यायचीत. तुमचे पाय बघितलेत का?"

बारकूनं पायाकडं पाहिलं. तो रस्ता ओलांडून गेला, मागोमाग बाकीचे.

ज्योत्स्ना मॅडम आल्या तेव्हा दुकान देव्हाऱ्यासारखं लखलखत होतं आणि तितकंच शांत होतं. त्यांनी रिकाम्या पायरीकडं पाहिलं, मग ललितकडं.

"तू तर म्हणालास, संध्याकाळी इथं पाय ठेवायला जागा नसते."

ललितचा चेहरा पडला. "रोज असतं, मॅडम. आजच काय झालं..."

"आजी, आम्ही देशभर स्ट्राँगसाठी मोजकी दुकानं निवडतोय. दोन दारांचा लाल फ्रीज. जिथं कामकरी माणूस हक्कानं थांबतो, तिथंच द्यायचा."

सगुणाबाईनं गोणपाटाखालच्या क्रेटकडं पाहिलं. समोर मंजुषाच्या पायरीवर माणसं मावत नव्हती, आणि धाकटी हसत हसत हात चालवत होती. मॅडम रस्ता ओलांडून तिकडं गेल्या.

सगुणाबाईनं बाकडं ओढत पुन्हा दारात आणलं. पदरानं पुसलं. बसली मात्र नाही.

थोड्या वेळानं बारकू रस्त्याच्या मध्यापर्यंत आला.

"मावशी, गेली का मोठी माणसं? येऊ का इकडं?"

बाकड्यावरचा हात तिनं काढला नाही.

"तिकडंच बस," ती म्हणाली. "तिथं उजेड लय हाय."