खोकडाची पोळी

नेहलचं तोंड भलतंच फटकळ. वन्यप्राण्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या एका मेळाव्यात तिने भर सभेत एका नामांकिताला विचारलं होतं, "घुबडासमोर पांढरा उंदीर सोडूनच हा फोटो काढलात ना? मग अर्धं बक्षीस उंदराच्या घरी पोचवा." तेव्हापासून तिच्या वाटेला कोणी जात नसे. प्राण्याला बोलवायचं नाही, खायला घालायचं नाही, अडवायचं नाही. या नेमावर तिने नाव कमावलं होतं आणि त्याचा तिला रास्त अभिमान होता.

आपल्याच गावी, सारंगखेड्याला, दोधू पाटलांच्या बांधावर, उतरत्या उन्हात थेट तिच्याकडे बघणाऱ्या खोकडाचा, म्हणजे छोट्या रानकोल्ह्याचा, फोटो मिळाला, तेव्हा ती हरखून गेली. पुण्याच्या एका मासिकाने तो मुखपृष्ठासाठी निवडला. तिचं पहिलंच मुखपृष्ठ! पेढे घेऊन ती दोधूंच्या मळ्यात गेली.

"पेढा पहिले तुन्ही आजीले दे," दोधू हसले. "रोज तूप लायेल पोळी धाडस ती. मी बांधवर ठेवस. खोकड येळवर हाजर!"

नेहल पेढ्यांचा पुडा तसाच घेऊन घरी परतली.

किराणा दुकानाच्या गल्ल्यावर तिची आजी भंवरीबाई जपमाळ ओढत बसली होती. घराणं मारवाडातलं, पण आजीचा जन्म इथला, त्यामुळे बोलणं सगळं अहिराणी.

"मंग काय झायं?" आजी म्हणाली. "पोट भरनं ते उंदीर मारनार नही. खोकडनं भलं, उंदीरनं भलं, आनि तुन्हा फोटो बी झाया."

"दादी, पोळीवर आलेलं खोकड आणि उंदरावर आलेलं घुबड एकच गं! शिवाय माणसांची सवय लागली, तर उद्या ते गावात येईल आणि कुत्री त्याला फाडतील."

मुखपृष्ठाच्या विचाराने नेहलचा जीव तुटत होता. तरी तिने तिथूनच संपादक हेमांगीताईंना फोन लावला. "तो फोटो पोळीचा आहे. काढून टाका."

मुखपृष्ठ गेलं. पोळी बंद झाली. दादीने अबोला धरला, पण तोही फार टिकला नाही.

"उपाशी मरी जाई ते," एका दुपारी ती कळवळून म्हणाली.

"चल, तुझ्याच डोळ्यांनी बघ."

कॅमेरा घेऊन दोघी लांब, कडब्याच्या गंजीआड जाऊन बसल्या. सूर्य कलल्यावर खोकड आलं. पोळीच्या जागेकडे ढुंकूनही न बघता कपाशीच्या सरीत थबकलं. पुढ्यात उंदीर होता.

दादीचे दोन्ही हात वर आले. एक टाळी, की उंदीर बिळात. जन्मभर मुंगीलाही वाट करून देणारी बाई ती. तिचे हात धरावेत असं नेहलच्या फार मनात आलं, पण तिने धरले नाहीत. हे दादीचं दादीनेच ठरवायचं होतं.

दादीने हात पदरात घट्ट दाबले आणि डोळे मिटून घेतले. खोकडाने झेप घेतली.

तोंडात उंदीर धरलेलं ते खोकड पुढच्या अंकाच्या मुखपृष्ठावर झळकलं. फोटो देवघराजवळ नको, असं दादीने निक्षून सांगितलं आणि गल्ल्यामागच्या भिंतीवर स्वतःच जागा दाखवली. आता एखादं गिऱ्हाईक विचारतं, "आजी, हाऊ फोटो कोनी काढा?" तेव्हा भंवरीबाई माळ थांबवते.

"मन्ही नातीनी," ती म्हणते. "मी फक्त टाळी नही वाजाडी."