अठरा दिवसांचा पंधरवडा

“तेल दोन लिटर कमी लिही. तांदूळ तर लिहूच नको, ते सेठच्या पिशवीत येतात,” जमिला म्हणाली आणि सनाने वहीत खाडाखोड केली.

रमजानला आठ दिवस होते. आमच्या घरात आधी यादी होते आणि मग भूक लागते, असं मी नेहमी म्हणतो. त्यावर बायको हसत नाही, मुलगीही नाही. मी नूरुद्दीन, शेलार गावातल्या एका कापड कारखान्यात लूम दुरुस्त करणारा मिस्त्री. पगार पंधरा दिवसांनी मिळतो; पण जमिलाचा पंधरवडा अठरा दिवसांचा असतो. हातात आलेले पैसे ती अठराने भागते आणि एकेक दिवस तेवढ्यातच काढते. लग्न झालं तेव्हा मला वाटलं, बिचारीला गणित येत नाही. मग एकदा सुताचा भाव चढला, मालकांनी अठरा-वीस दिवस कारखाने बंद ठेवले, आणि अख्ख्या गल्लीत फक्त आमच्या घरी वाण्याची उधारी झाली नाही. तेव्हापासून मी तोंड मिटलं.

धंदा बरा चालला की त्या वरच्या तीन दिवसांचे पैसे बँकेत जात. पाच वर्षांत ऐंशी हजार साठले होते. जूनमध्ये सनाच्या नर्सिंगची फी भरायची होती, शहाऐंशी हजार. तोवरचा प्रत्येक पगार धरून जमिलाने ते सहा हजार बरोबर बसवले होते. त्यात सेठची पिशवीही धरली होती. सेठ, म्हणजे कारखान्याचे मालक, दर रमजानला आपली जकात, म्हणजे बचतीतला दानाचा हिस्सा, काढतात आणि तिच्यातून गरजू कामगारांना महिन्याचं धान्य देतात. माझं नाव त्या यादीत चौदा वर्षं होतं.

सना मोबाइलमध्ये काहीतरी वाचत म्हणाली, “अम्मी, साडेबावन्न तोळे चांदी म्हणजे आज बासष्ट हजार. एवढे वर्षभर ज्याच्याजवळ पडून आहेत, त्याच्यावर जकात.”

डाळ निवडणारा जमिलाचा हात थांबला. “गेल्या रमजानला आपल्या खात्यात किती होते?”

“पासष्ट.”

जमिलाने बोटांवर हिशोब केला. मग म्हणाली, “म्हंजे आपल्यावर बसली. चाळिसावा हिस्सा, दोन हजार.”

“अगं, आपण घेणारी माणसं हाय,” मी म्हणालो.

“होतो. आता देणं लागतंय तर घ्यायचं कसं? पिशवीबी परत करायची.”

मला राग आला. खरं सांगतो, फार आला. त्या ऐंशी हजारांत माझे पाच वर्षांचे शर्ट होते, न खाल्लेलं मटण होतं, सनाची न झालेली सहल होती. दोन हजार हातचे जाणार, तीन हजारांचं धान्य जाणार. पाच हजारांसाठी पोरीची जागा गेली तर कोणाला तोंड दाखवायचं? मी तसाच उठून मशिदीत गेलो, मौलानांना सगळं सांगितलं. परत आलो तो खुशीत.

“जकात द्यावी लागंल म्हणाले. पण पिशवी घेतली तरी चालंल. आपली गरज हाय, फीचे पैसे हायत.”

“चालत असंल,” जमिला शांतपणे म्हणाली. “माझ्या घशाखाली न्हाय उतरायचं.”

“आणि फी?”

“ती बसवते मी.”

दोन दिवस तिने बसवली. ईदचे आम्हा दोघांचे कपडे यादीतून गेले. मग तिने विचारलं, “शुक्रवारी तुमचा कारखाना बंद असतो. वडपे गावातल्या गोदामात तेव्हा माल चढवायचं काम मिळतं ना? ईदनंतरचे आठ शुक्रवार पुरतील.” माझी आठवड्याची एकुलती एक झोप अशी हिशोबात जमा झाली. शेजारची नाजनीन मागासाठी सुताच्या कांड्या भरून एकटी दोन मुलं वाढवते. जमिलाने दोन हजार तिच्या हातात दिले आणि कशाचे ते सांगितलंही नाही.

पिशव्या वाटायच्या दिवशी ती माझ्याबरोबर कारखान्यात आली. मला एकट्याला पाठवलं असतं तर मी पिशवी घेऊनच आलो असतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

अंगणात रांग होती. यादी घेऊन बसलेले मेहता, म्हणजे आमच्या कारखान्याचे कारकून, मला बघून म्हणाले, “आओ मिस्त्री, सही करो.”

“नाव खोडा,” जमिला म्हणाली.

“का? गाव सोडता काय?”

“न्हाय.”

मेहतांचा आवाज खाली आला. “मग घरात कोणी गेलं का?”

“न्हाय. समदी हायत.”

“बाई, बावीस साल मी ही यादी लिहितोय. हिच्यातनं नाव दोनच कारणांनी जातं. माणूस गाव सोडतो, न्हायतर मयत होतो. सेठ विचारतील. मी कारण काय लिहू?”

जमिला माझ्याकडे बघत होती, कारण नाव माझं होतं. काय सांगायचं म्हणून दोन दिवस घोकलेलं सगळं मी विसरलो.

“घरचं भागतंय, मेहताजी,” मी म्हणालो. “यंदा आम्हीबी जकात दिली.”

मेहतांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं, माझ्या विटलेल्या शर्टाकडे पाहिलं. मग नावावर सरळ रेघ मारली, कारणाच्या रकान्यावर पेन थोडा वेळ धरून ठेवलं आणि लिहिलं, ‘हयात’.