मी, गाडीची धाप मोजणारी नळी

मी एक नळी बोलतेय. सलाइनची नाही, हुक्क्याची तर नाहीच नाही. इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून फळीवर ठोकलेली, पोटात निळ्या शाईचं पाणी असलेली साधी पारदर्शक नळी. गाडीला श्वास घ्यायला किती कष्ट पडतात, ते मी सांगते. माझं एक टोक गाडीच्या हवेच्या पाइपाला जोडायचं, दुसरं उघडं सोडायचं. हवा ओढताना गाडीला जितका जोर लागेल, तितकं माझं पाणी एका बाजूला वर चढतं आणि दुसऱ्या बाजूला खाली जातं. मधला फरक मोजला की झालं. मला मेंदू नाही, त्यामुळे खोटं बोलणं जमत नाही.

मला गॅरेजवाल्या ताईने घडवलं. नळी माशांच्या टाकीची, फळी मोडक्या कपाटाची आणि मधली टेप तिच्या शिवणकाम करणाऱ्या आईची. लोकांच्या वाढत्या कमरा मोजून दमलेली टेप माझ्या छातीवर आली. सुरुवातीला माझी फार चलती होती. मग गॅरेजमध्ये कॉम्प्युटर आला. जे पडद्यावर दिसतं ते माणसांना खरं वाटतं, त्यामुळे मी खिळ्यावर गेले आणि माझ्यावर हातमोजे वाळू लागले.

एका शुक्रवारी एक टर्बो गाडी आली. टर्बो म्हणजे इंजिनाच्या घशात हवा कोंबणारा पंखा. त्याला साध्या इंजिनापेक्षा भूक जास्त. गाडीतून तिघं उतरले: एक नर्सबाई, तिचा नवरा आणि तिचे वडील. वडील बसडेपोतून इन्स्पेक्टर म्हणून निवृत्त झालेले. आपली लाडकी गाडी त्यांनी दोन वर्षांपूर्वी मुलीला दिली होती. मुलगी रोज टेकडीवरच्या दवाखान्यात जायची, आणि हल्ली चढावर विटांचे ट्रकसुद्धा तिला मागे टाकत होते.

जावई म्हणाला, गाडी भंगार आहे, विका. सासरे म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. तेव्हापासून दोघांत अबोला. रविवारी गिऱ्हाईक येणार होतं. गाडी गेली तर वडील पुन्हा आपल्या घराची पायरी चढणार नाहीत, हे मुलीला पक्कं माहीत होतं. म्हणून ती दोघांना ओढून घेऊन आली होती.

कॉम्प्युटर म्हणाला, दोष नाही.

"सांग तुझ्या नवऱ्याला," सासरे म्हणाले.

"सांग तुझ्या वडिलांना, कॉम्प्युटर चढावर येत नाही म्हणावं," जावई म्हणाला.

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते. मुलीने डोळे मिटून घेतले.

तेव्हा ताईने हातमोजे बाजूला करून मला काढलं, फिल्टर आणि टर्बोच्या मधल्या पाइपाला जोडलं आणि इंजिन चालू केलं. माझं पाणी जेमतेम थरथरलं. सासऱ्यांची छाती फुगली.

"बघा, पाणीसुद्धा हललं नाही! गाडी ठणठणीत आहे."

"काका, खुर्चीत बसलेल्या माणसाची धाप मोजून काय कळणार?" ताई म्हणाली. "चढावर नेऊ या."

मुलगी चालवायला बसली. तिच्या शेजारी जावई मला उभी धरून बसला, तान्ह्या बाळाला धरावं तसा; माझं लांबलचक टोक खिडकीतून बॉनेटखाली गेलेलं. मागे ताई आणि सासरे. चढ लागला. "आता ॲक्सिलरेटर पूर्ण दाब," ताई म्हणाली. आणि माझ्या पोटात कळ आली. पाणी दहावर, तीसवर, साठवर गेलं, टेप संपली, आणि डुबुक! माझं निम्मं पाणी टर्बो पिऊन बसला.

"पाणी गेलं!" जावई ओरडला.

"सांग त्याला, नळी सरळ धर म्हणावं!" मागून आवाज आला.

घोटभर पाण्याने गाडीचं काही बिघडलं नाही. फिल्टर उघडला, तर नवाकोरा. मग ताईने मला पुन्हा भरलं आणि या खेपेला फिल्टरच्या अलीकडे, हवा आत शिरते त्या बाजूला जोडलं. पुन्हा चढ, पुन्हा तेच. फक्त मुलीने वेळेवर पाय उचलला. म्हणजे अडथळा फिल्टरच्याही आधी होता. तिथे कोणी बघतच नाही. माणसं फिल्टर बदलतात आणि कर्तव्य केल्याच्या समाधानात घरी जातात.

ताईने पुढच्या जाळीमागे हात घातला आणि हवा आत घेणाऱ्या पाइपाच्या तोंडावरून एक टोपडं ओढून काढलं. जुन्या मफलरचं, दुहेरी, कडेला इलॅस्टिक, दोन वर्षांच्या धुळीने पार घट्ट नि जाड झालेलं. काठाला हिरव्या दोऱ्याचे बारीक, एकसारखे टाके. सासऱ्यांच्या शर्टाची बटणंही त्याच हिरव्या दोऱ्याने लावलेली होती. ते मी पाहिलं, मुलीने पाहिलं, जावयानेही पाहिलं.

आता जिंकायची संधी जावयाची होती. मला वाटलं, हा उट्टं काढणार. तो टोपड्याकडे बघत राहिला. मग सरळ सासऱ्यांकडे वळून म्हणाला, "बाबा, उंदरांनी ओढून नेलं असेल."

सासऱ्यांनी टोपडं हातात घेऊन त्याची धूळ झटकली.

"उंदीर टाके घालत नाहीत, जावईबापू," ते म्हणाले. "गाडी द्यायच्या आदल्या दिवशी मीच बसवलं. पोरीच्या गाडीत धूळ जाऊ नये म्हणून."

मुलगी रडायला लागली, मग हसायला लागली. तिसऱ्या फेरीत माझं पाणी वीसच्या आतच राहिलं आणि एक विटांचा ट्रक मागे पडला. या खेपेला जावई मला घेऊन मागच्या सीटवर बसला होता, आणि शेजारी सासरे त्याच्या खांद्यावर हात ठेवून. मी मधे आहे हे दोघंही विसरले. रविवारी आलेल्या गिऱ्हाइकाला चहा पाजून परत पाठवलं, असं ताईकडून कळलं.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे, पण हातमोजे दुसरीकडे गेलेत. परवा काका मुद्दाम येऊन गेले. माझ्यावर त्यांचा फार जीव जडलाय. माझ्या पाण्यात कचरा जाऊ नये म्हणून त्यांनी माझ्या उघड्या टोकावर एक टोपडं शिवून बसवलंय. दुहेरी, घट्ट, हिरव्या दोऱ्याचं. तेव्हापासून कुठल्याही गाडीला जोडलं तरी माझं पाणी हलत नाही.

कुणीतरी ते काढा हो. पण काका आसपास नसताना काढा. टाके त्यांनी फार मनापासून घातलेत.